फौजदारीणबाईंचा फ्लेक्स

एसटीतून उतरले तेव्हा चौकात माझाच चेहरा माझ्या स्वागताला उभा होता. माणसाएवढा उंच, मुद्दाम गोरा केलेला, कपाळावर मी जन्मात कधी न लावलेली चंद्रकोर. खाली लाल अक्षरांत, ‘घोटणवाडीची सुकन्या कु. उज्ज्वला भानुदास सुतार हिची फौजदारपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ माझ्या डोक्यावर सरपंच विलासतात्यांचा चेहरा होता आणि तो माझ्यापेक्षा मोठा होता. पायाशी शुभेच्छुकांची रांग. त्यातल्या निम्म्या लोकांनी मला आयुष्यात कधी शुभेच्छा दिल्या नव्हत्या.

आदल्या संध्याकाळी परीक्षेचा शेवटचा निकाल लागला होता. निवड झालेल्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं.

हे घोटणवाडीत अजून कुणाला माहीत नव्हतं. मी बॅग उचलली आणि मान खाली घालून निघाले, तर हौसाकाकू आडवी आली. साठीची बाई, ओढ्याकाठी तिचा ऊस. तिनं भर चौकात मला सलाम ठोकला.

“आल्या बगा फौजदारीणबाई!” आणि मग जवळ येऊन हळूच म्हणाली, “उजे, तुझ्या बापाला जरा सांग की गं. माझी मोटार जळून आठवडा झाला, तुमच्या दारात पडलीया. ऊस वाळाय लागला माझा. पर त्यो हातच लावंना.”

“का?”

“म्हणतोय, काम बंद क्येलंय. खरंच हाय म्हणा. लेक फौजदार झाल्यावर बाप कशाला जळक्या मोटारीत हात घालंल?”

आमचे आण्णा विहिरीवरच्या मोटारी भरायचे. म्हणजे जळालेली मोटार उघडायची, आतली तांब्याची करपलेली तार काढायची आणि नवी तार वेढे मोजून भरून वार्निशानं पक्की करायची. तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. काम बंद केल्याचं मला कुणीच सांगितलं नव्हतं.

हा फ्लेक्स लागला कसा, तेही सांगते. मी पाच वर्षं पुण्यात एका अभ्यासिकेत बूड झिजवत होते. आधीच्या खेपांना कधी पूर्वपरीक्षेत, कधी मुख्य परीक्षेत गचकले. त्या वर्षी मुख्य परीक्षा पास झाले आणि मैदानी चाचणीला आणि मुलाखतीला ज्यांना बोलावलं त्यांच्या यादीत माझं नाव आलं. चुलतभावानं ती यादी गावाच्या ग्रुपवर टाकली. यादीत नाव आलं म्हणजे पोरगी फौजदार झाली, असा गावानं हिशेब केला. आमच्याकडं अशा कामाला वेळ लागत नाही. दोन दिवसांनी मी घरी आले तेव्हा चौकात हा फ्लेक्स लागला होता आणि स्टँडवर उघडी जीप, बँजो आणि गुलालाची पोती तयार होती.

“तात्या, अजून मुलाखत व्हायचीय,” मी जीपमध्ये सरपंचांच्या कानात ओरडले होते.

“आता ती काय, सही-शिक्क्याची गोष्ट!” तात्या म्हणाले आणि त्यांनी माझ्या केसांत मूठभर गुलाल घातला.

मग शाळेपुढं सत्कार झाला. हल्ली सत्कारात हारतुऱ्याऐवजी पुस्तक द्यायची पद्धत आली आहे. चांगली पद्धत आहे. पण तालुक्याच्या स्टँडवर पुस्तकांचा स्टॉल एकच, आणि त्याच्याकडं गठ्ठ्यानं खपणारं पुस्तकही एकच. त्यामुळं मला शाल, नारळ आणि एकाच पुस्तकाच्या नऊ प्रती मिळाल्या. मुखपृष्ठावर गरुड. यश कसं मिळवावं हे आत सांगितलेलं. ते मिळालंय असं समजून लोकांनी मला दिलेलं.

घरी आले तर आण्णा सोप्यात खुर्चीवर बसले होते. पांढरा सदरा, पांढरी विजार, टोपीला कडक इस्त्री. भर दुपारी ते कधी खुर्चीवर बसलेले मी पाहिले नव्हते. त्यांचे हात इतके स्वच्छ होते की मला ते दुसऱ्याच कुणाचे वाटले. घराच्या पुढच्या बाजूला आमचं दुकान, त्याचं शटर खाली ओढलेलं. शटरपुढं हौसाकाकूची मोटार आडवी पडली होती.

“ये ये,” आण्णा म्हणाले. “आगं ऐकलं का, उज्ज्वला आली. च्या ठेव.”

मी चहाची वाट पाहिली नाही. एकदा गिळलं की आत राहील, म्हणून उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

आई चुलीपुढून उठून दारात आली आणि तिथंच खाली बसली. आण्णांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

“कुणाला बोललीस?” त्यांनी विचारलं.

“कुणाला न्हाई.”

“मग बोलू नगंस.”

“आण्णा, असं किती दिवस?”

“रविवारी शाळंत मार्गदर्शन शिबिर हाय. सगळ्या तालुक्यातनं पोरं येणार. तू परमुख पाव्हणी हायस. पत्रिका वाटल्यात.” ते माझ्याकडं बघतच नव्हते. “आन सोमवारी मोबाईलवाला येतोय, गाळा बघाय. त्याला भाड्यानं देतोय दुकान.”

“दुकान देताय? का?”

“तात्या म्हणलं, फौजदाराच्या बापानं वार्निशानं हात बरबटून घ्यायचं बरं दिसत न्हाई. सगळीच म्हणत्यात.”

मला रडू आलं नाही, राग आला. माझ्या नापास होण्यानं जे जायचं ते माझं जावं. पण जी नोकरी मला मिळालीच नव्हती तिच्यापायी आण्णांचं दुकान चाललं होतं. आणि त्या दुकानाशी माझंही काहीतरी होतं. शाळेत असताना सुट्टीत मी तिथंच बसायचे. आण्णांनी मला तार भरायला शिकवलं होतं. नवी तार भरून, वार्निश सुकवून मोटार पहिल्यांदा सुरू केली की ती एकसारखी घुमायला लागते. तो आवाज ऐकला की मला पोटातून बरं वाटायचं. अभ्यासिकेत पाच वर्षांत एकदाही तसं वाटलं नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण तुला काय आवडतं असं मला कुणी विचारलंच नव्हतं. दहावीला चांगले मार्क पडले आणि पोरीनं साहेब व्हायचं हे ठरून गेलं.

आण्णांना घरात दम निघेना. ते तात्यांकडं गेले आणि संध्याकाळी तात्यांनाच घेऊन आले. तात्या आले, बसले, चहा प्यायले. तोवर चेहऱ्यावर काही नाही.

“आसं बघ उज्ज्वला,” ते म्हणाले, “हुतंय असं. पुढल्या वर्षी व्हशीलच की तू. तवर आपुन झाकून ठेवू.”

“काय झाकून ठेवायचं?”

“ह्येच. रविवारी यायचं, धा मिनटं बोलायचं, पहाटं उठा, अभ्यास करा, आईबापाचं पांग फेडा. पोरं टाळ्या वाजवत्यात. झालं.”

“आणि कुणी विचारलं, नेमणूक कुठं झाली, तर?”

“टरेनिंग सुरू व्हायचंय म्हणायचं. टरेनिंग काय, वरीसभर लांबतंय.”

“तात्या, हे खोटं आहे.”

“आगं, गावाची इज्जत हाय का न्हाई? जीप काढली, गुलाल उधळला, फलेक्स लावला. आन म्होरं जिल्हा परिषदेची निवडणूक हाय, आमदार यायचं हायती रविवारी.” मग आवाज खाली आणून ते आण्णांना म्हणाले, “भानुदास, पोरीचं लगीन व्हायचंय तुझ्या. इचार कर.”

आण्णा मान डोलवत राहिले. माझा देवासारखा बाप त्या माणसापुढं मान डोलवतोय, हे मला बघवेना. मी उठून माळ्यावर गेले.

पुढचे दोन दिवस मी माळ्यावरच काढले. खाली सारखं कुणीतरी अभिनंदनाला यायचं, आई ‘दमलीया, झोपलीया’ म्हणायची. माळ्यावर कांदे, जुनी भांडी आणि ते नऊ गरुड. करायला काहीच नव्हतं म्हणून, आणि खरं सांगायचं तर भांडायला कुणीतरी हवं होतं म्हणून, मी एक प्रत उघडली.

पुस्तक म्हणालं, पहाटे चारला उठा. मी म्हटलं, पाच वर्षं उठले. पुस्तक म्हणालं, आरशापुढं उभं राहून ‘मी जिंकणारच’ असं मोठ्यानं म्हणा. म्हणाले होते बाबा, रूममधल्या पोरी हसायच्या तरी म्हणाले होते. पुस्तक म्हणालं, तुमचं ध्येय भिंतीवर लिहा. माझं तर चौकात लिहिलं होतं, रंगीत, तात्यांच्या फोटोसकट! मी पेन्सिल घेऊन प्रत्येक पानाच्या कडेला उत्तरं लिहीत सुटले. ‘थापा मारू नका.’ ‘हे तुम्ही करून पाहिलंत का?’ ‘तुमच्या गावात फ्लेक्स लावतात का?’ खूप बरं वाटलं.

शेवटाकडं एक प्रकरण होतं, ‘अपयशाला मिठी मारा’. मी म्हटलं, मार की तूच. पण पान उलटलं आणि तिथं दोनच ओळी होत्या. ‘आपण हरलो हे तुम्ही किती जणांना सांगितलंत? ज्यानं अजून कुणालाच सांगितलं नाही तो हरलेला नसतो, तो फक्त लपलेला असतो.’

मी पेन्सिल टेकवली, पण लिहायला काही सुचेना. कांद्यांच्या ढिगामागं, पाय पोटाशी घेऊन, आईला खोटं बोलायला लावून मी बसले होते. ह्या गरुडवाल्याला हे कसं कळलं? मला त्याचा भयंकर राग आला. मग स्वतःचा आला. मग मी खाली उतरले आणि दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

रविवारी शाळेच्या पटांगणात मंडप. पुढं सतरंजीवर पोरं, मागं खुर्च्यांवर पालक. स्टेजवर मी, तात्या, मुख्याध्यापक आणि एक रिकामी खुर्ची. आमदार यायचे होते, आले नाहीत. आण्णा पहिल्या रांगेत इस्त्रीच्या कपड्यांत, आई बायकांत. मुख्याध्यापकांनी माझी ओळख करून दिली. ‘कर्तव्यदक्ष अधिकारी’ असा शब्द त्यांनी वापरला. मग माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि पुस्तक. तेच. दहावा गरुड.

मला हसू आवरेना. माईकपुढं उभी राहिले तीच हसत, त्यामुळं तात्याही खुशीत हसले.

“ह्या पुस्तकाच्या नऊ प्रती माझ्याकडं आधीच आहेत,” मी म्हणाले. “आता दहा झाल्या. त्यातलं एक पान मी तुम्हाला वाचून दाखवते.”

ते पान मला तोंडपाठ होतं, तरी उघडून वाचलं. त्या दोन ओळी. पोरं गप्प ऐकत होती, मागं कुणीतरी शेंगा सोलत होतं.

“तर मी सांगते,” मी म्हणाले. “मी हरले. माझी निवड झालेली नाही. मुलाखतीपर्यंत गेले आणि पडले. निकाल बुधवारीच लागला. मी फौजदार नाही. चौकात लिहिलंय ते चुकीचं आहे.”

शेंगा सोलणं थांबलं. तात्या उठून माईकपाशी आले.

“ताई गमतीत बोलायल्यात,” ते म्हणाले. “मोठी माणसं अशीच नम्र आसत्यात.”

“मी नम्र नाही, तात्या,” मी माईक सोडला नाही. “मी नापास आहे. आणि नापास झाल्याची मला लाज वाटत नाही, पाच वर्षं मान मोडून अभ्यास केला मी. लाज वाटली ती माळ्यावर लपून बसले त्याची. ते आता संपलं.”

“आगं, गावानं पेढं वाटलं तुझ्या नावाचं!” तात्या दात ओठ खात पुटपुटले. माईक चालूच होता, ते सगळ्यांना ऐकू गेलं.

“मी वाटा म्हणाले नव्हते.”

पोरं फिदीफिदी हसली. पहिल्या रांगेतून आण्णा उठले आणि कुणाकडंही न बघता मंडपाबाहेर गेले. त्यांची पाठ मी स्टेजवरून बघत राहिले. आपण बापाला भर मांडवात उघडं पाडलं असं वाटलं. आणखी एक क्षण गेला असता तर मी रडले असते.

तेवढ्यात मागून हौसाकाकू उभी राहिली. नातवाला घेऊन आली होती.

“मग आता काय करणार गं तू?” तिनं तिथनंच ओरडून विचारलं. टोमणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

याचा मी विचारच केला नव्हता. नापास झाल्याचं सांगायचं एवढंच ठरवून आले होते. पण उत्तर माझ्या तोंडून असं पडलं, जणू ते पाच वर्षं तिथंच बसून होतं.

“मोटारी भरणार.”

सगळा मांडव हसला. तात्या हसले, मुख्याध्यापक रुमाल तोंडाला लावून हसले. बाईमाणूस आणि मोटारी भरणार! माझं डोकं सणकलं.

“हसताय काय? येतंय मला ते. आठवीपासून येतंय. तुमच्यातल्या कितीजणांच्या मोटारी मी भरलेल्यात, आण्णांनी तुम्हाला सांगितलं नाही एवढंच. एक तरी परत आली का?”

हसू ओसरलं. हौसाकाकूनं पदर कमरेला खोचला.

“मग माझी आदी घे,” ती म्हणाली. “ऊस वाळाय लागलाय.”

मी शाल खुर्चीवर ठेवली आणि स्टेजवरून खाली उतरले. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. आई बायकांतून उठली आणि माझ्या मागोमाग चालायला लागली, एवढं मला आठवतं.

आण्णा बंद शटरपुढं मोटारीवरच बसले होते. पांढऱ्या विजारीला ग्रीस लागलं होतं.

“उठा आण्णा,” मी म्हणाले. “मोटार आत घ्यायचीय.”

“तोंड दाखवाय जागा ठेवली न्हाईस.”

“किल्ली द्या.”

“उद्या मोबाईलवाला येणार हाय.”

“त्याला चहा पाजून लावून द्या.”

त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. डोळे लाल झाले होते. “तुला तेलात हात घालाय लागू नयेत म्हणून मी तीस वर्षं घातलं गं. आन तू परत हितंच?”

“परत नाही आले. पहिल्यांदाच माझ्या मनानं आलेय. तुम्हाला माझी लाज वाटते का?”

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढली. नवे कपडे घातले तरी दुकानाची किल्ली खिशात होती. ती पाहून मात्र मला रडू फुटलं, आणि रडत रडतच मी शटर वर ढकललं.

मोटार आत घेतली. आण्णा बाहेर पायरीवर पाठ करून बसले. मी झाकणं उघडली तशी करपलेल्या तारेचा तो ओळखीचा वास आला. पक्कड उचलली आणि पहिल्या वेढ्याला हात घातला.

“मोजलंस का?” पायरीवरून आवाज आला. त्यांनी मान वळवली नव्हती.

हा आमच्या दुकानाचा पहिला नियम. जळकी तार उपसून भंगारात टाकायची नाही. आधी बघायचं ती किती जाडीची आहे, वेढे किती आहेत, कुठून कुठं गेलीय. नवी तार कशी भरायची ते जळकीच सांगते. तिला न मोजता फेकलं की मोटार पुन्हा जळते. लहानपणी याच्यावरून मी किती बोलणी खाल्ली होती.

“मोजते,” मी म्हणाले.

“तू मोजशील आन चुकशील. पाच वर्सं हात न्हाई लावला.” आण्णा उठले, आत आले, टोपी खिळ्याला अडकवली आणि इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. “सरक तिकडं.”

आम्ही दोघं मोजायला बसलो.

सोमवारी मोबाईलवाला आला आणि चहा पिऊन गेला. हौसाकाकूच्या उसाला पाणी लागलं. तात्या त्यानंतर दोन वर्षं आमच्याशी बोलले नाहीत, मग त्यांची मोटार जळाली.

फ्लेक्स आण्णांनीच चौकातून सोडून आणला होता. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत शिडी लावून. त्यांना तो जाळायचा होता. मी म्हटलं, थांबा, आपला पत्रा गळतोय. दुकानाच्या आढ्याला पत्र्याखाली तो ताणून बांधला, छापलेली बाजू खाली.

याला आता बारा वर्षं झाली. दुकान माझ्या नावावर आहे, तालुक्यातून मोटारी येतात, दोन पोरी हाताखाली शिकतात. धूर आणि वार्निश लागून तात्यांचा चेहरा केव्हाच काळा पडला, शुभेच्छुक तर ओळखूच येत नाहीत. पण माझी चंद्रकोर आणि लाल अक्षरं अजून शाबूत आहेत. नवा माणूस आला की खांद्यावरची मोटार तशीच धरून, मान वर करून आधी ते सगळं वाचतो.

“ह्या फौजदारीणबाई कुठं असतात आता?” तो विचारतो.

“इथंच,” मी हातातली तार न सोडता सांगते. “मोटार आत आणा.”